देवीला काय विचारावं

आमच्या घरात घडलेली ही गोष्ट गेल्या वर्षभरात इतक्या जणांनी सांगितली आहे की आता ती माझीच मला ओळखू येत नाही. गावच्या मंडळाच्या हळदीकुंकवाला ती सांगतात, डोंबिवलीजवळ कोपरला आमच्या सोसायटीत संध्याकाळी बाकावर बसून सांगतात, आणि दर वेळी तिच्यात एखादा नवा चमत्कार शिरलेला असतो. मी देवीचा भक्त आहे. तिच्या फोटोला फूल वाहिल्याशिवाय सकाळचा चहा मला गोड लागत नाही. म्हणूनच तिच्या नावावर नको ते खपवलं गेलं की मला राग येतो. जे घडलं ते घडलं तसं एकदा लिहावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

पितृपक्षाचे दिवस होते. दुपारची जेवणं उरकल्यावर माझी पत्नी सुनंदा ओटा पुसता पुसता म्हणाली, "अहो, मला छातीत गाठ लागतेय. बरेच दिवस झाले." गॅस संपत आल्याचं ती ज्या आवाजात सांगते, त्याच आवाजात तिने हे सांगितलं. मी आधी तिच्यावर चिडलो. घाबरलो की मी चिडतो, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. दुसऱ्याच दिवशी तिला ठाण्याला एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी तपासलं, मशीनवर फोटो काढून घेतले आणि शांतपणे सांगितलं, की नुसत्या फोटोवरून गाठ कसली आहे ते नक्की कळणार नाही. सुईने बारीक तुकडा काढून तपासावा लागेल, म्हणजे बायोप्सी. तो रिपोर्ट येईपर्यंत मी काही म्हणणार नाही आणि तुम्हीही काही ठरवू नका, असं त्या म्हणाल्या.

त्यांचं हे शेवटचं सांगणं आम्ही दोघांनीही पाळलं नाही. परतीच्या वाटेवर मी ती साधी गाठ आहे असं मनाशी ठरवून टाकलं होतं, आणि सुनंदाने कॅन्सर आहे असं ठरवलं होतं. दोघांच्याही हातात पुरावा काडीचा नव्हता.

पण घरी आल्यावर तिने बायोप्सीलाच नकार दिला. कारण तिची आतेबहीण. तिलाही अशीच गाठ होती, तिलाही सुई टोचली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली. "सुई लागली की गाठ पसरते. मी डोळ्यांनी बघितलंय," सुनंदा म्हणाली. मी म्हटलं, "अगं, तू काय बघितलंस? सुई टोचलेली बघितलीस आणि ती गेलेली बघितलीस. मधलं तू जोडलंस. तिने किती दिवस ती गाठ पदराखाली लपवली होती, ते विसरलीस का?" नोकरीची सगळी वर्षं मी डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात माल तपासण्यात काढली. नमुना काढून तपासल्याशिवाय आमच्याकडे पिंप पुढे जात नसे. तेच मी तिला समजावायला गेलो, की नमुना काढला म्हणून काही पिंपातला माल बिघडत नाही. "मी पिंप आहे का?" असं म्हणून ती जी उठून गेली, ती रात्रीच्या जेवणापर्यंत माझ्याशी बोलली नाही. माझं म्हणणं बरोबर होतं, पण बरोबर माणसाला गप्प बसताही यायला हवं, ते मला कधी जमलं नाही.

मग तिने देवीला कौल लावायचं ठरवलं. आमचं गाव सिंधुदुर्गात. तिथे गावच्या देवीला कौल लावल्याशिवाय कोणी मोठं काम हातात घेत नाही. देवीच्या पाषाणाला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतात, गुरव आपल्या वतीने गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो, आणि सगळे श्वास रोखून बघत राहतात. देवीच्या उजव्या अंगाची पाकळी आधी पडली तर होकार, डाव्या अंगाची पडली तर नकार. आमचं लग्नही असाच कौल घेऊन ठरलेलं आहे, आणि त्या बाबतीत देवीबद्दल माझी काही तक्रार नाही. सुनंदाने गावी माझ्या पुतण्याला, दिनेशला फोन केला. "मी सुई टोचून घेऊ का, एवढंच देवीला विचार," असं त्याला सांगितलं.

दोन दिवसांनी व्हिडिओ आला. दिनेशला कुठेही गेला तरी स्वतःचा चेहरा फोटोत लागतो. पठ्ठ्याने देवळातही तेच केलं होतं. गाभाऱ्याच्या दाराशी आपण उभा, खांद्यामागे देवी, आणि फोन समोर हातात धरलेला. घंटा वाजत होती, गुरव काय बोलतोय ते काही ऐकू येत नव्हतं. बघता बघता एक पाकळी निसटली. ती देवीच्या डाव्या अंगाची होती. व्हिडिओ तिथेच संपला, खाली नुसते जोडलेले हात.

खोटं कशाला सांगू, मीही घाबरलो. सुनंदाने मात्र फोन उलटा करून टीपॉयवर ठेवला आणि म्हणाली, "झालं. सुटले मी." तिच्या चेहऱ्यावर चक्क सुटका होती, आणि तीच बघून मला जास्त भीती वाटली.

त्यानंतर मी तोंडाचा पट्टा सुरू केला. "अगं, पाकळी ती पाकळी. जिथलं पाणी आधी सुकतं तिथली आधी पडते. पंख्याचा वारा लागला असेल, घंटेचा हादरा बसला असेल. यावर कोणी जीव टांगतं का?" ती ऐकून घ्यायची आणि निवडत असलेली मेथी निवडत राहायची. आमच्याकडे एकदा कौल झाला की फिरून विचारत नाहीत, त्यात देवीचा अपमान समजतात. त्यामुळे गावी फोन करून पुन्हा काही विचारावं, हे ना तिच्या मनात आलं, ना माझ्या. आणि दोघांनी डोळ्यांनी बघितलेलं, त्यात विचारायचं तरी काय होतं? बंगळुरूला असलेल्या मुलीने फोनवर समजावलं, रडली, रागावली. उपयोग शून्य. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातून तारीख ठरवायला फोन येत होता, आणि सुनंदा तो मला उचलू देत नव्हती.

अशाच एका सकाळी मी देव्हाऱ्यासमोर उभा राहिलो. रोज मी देवीला काहीतरी सांगत असतो, खरं म्हणजे सुचवत असतो, की हे असं झालं तर बरं. त्या दिवशी काही सुचवायला उरलंच नव्हतं. सुनंदा माझं ऐकत नव्हती, मला तिला ओढून नेता येत नव्हतं, आणि देवीशी भांडावं तर तिच्याशिवाय माझं दुसरं कोण होतं? मी एवढंच म्हणालो, "मला काही कळेनासं झालंय, आई. तूच बघ." डोळे भरून आले. मी असा रडणारा माणूस नाही, पण रडलो.

मग चहा घेऊन गॅलरीत बसलो आणि तो व्हिडिओ पुन्हा लावला. देवीकडे बघवेना म्हणून दिनेशकडेच बघत राहिलो. आणि मला दिसलं, की त्याच्या शर्टाचा खिसा उजव्या छातीवर आहे.

पुरुषाच्या शर्टाचा खिसा डाव्या बाजूला असतो. एखाद्या शिंप्याने उलटा लावलाही असेल, म्हणून मी त्याचं मनगट बघितलं. दिनेश घड्याळ डाव्या हातात घालतो, इथे ते उजव्या हातात होतं. मग मी माझ्या फोनवर समोरच्या कॅमेऱ्याने स्वतःचा व्हिडिओ काढून बघितला, तो सुलट आला. तेव्हा शेजारच्यांचा फोन मागून आणला. त्यात काढला तर माझाही खिसा या बाजूचा त्या बाजूला गेला, आरशात जातो तसा. म्हणजे काही फोन असं करतात. आता मात्र मी लगेच गावी फोन लावला.

"दिनेश, कौल कुठचा झाला रे?"

"उजवो. देवीन उजवोच दिल्यान, काका. माका वाटला तुमका व्हिडिओत दिसला असतला. काकी केवा जातली तपासणीक?"

मी त्याला चार शब्द सुनावणार होतो, पण हसूच फुटलं. प्रार्थना केली आणि पाठोपाठ मला तो खिसा दिसला, हे खरं आहे. प्रार्थना केली म्हणून दिसला का, ते मला माहीत नाही. वर्षानुवर्षं मालातली खोट शोधायची सवय लागलेला माणूस मी, एरवीही दिसला असता कदाचित. पण त्याआधी कितीदा तो व्हिडिओ बघितला होता आणि दिसला नव्हता, हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी मी जशाच्या तशा इथे ठेवतो. त्यांच्यामध्ये दोरा ओवायचं काम माझं नाही.

मी धावतच स्वयंपाकघरात गेलो. खिसा, घड्याळ, दिनेशचं बोलणं, सगळं एका दमात सांगितलं आणि वर म्हणालो, "बघ, देवी तुला जा म्हणतेय! आता तरी चल."

सुनंदाने गॅस बारीक केला. माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "काल ती सुकलेली पाकळी होती ना? पंख्याचा वारा, घंटेचा हादरा? आज तुमच्या बाजूला पडली तर लगेच देवी बोलली?"

तिने मला बरोबर पकडलं होतं. आतेबहिणीच्या बाबतीत तू मधलं जोडलंस म्हणून तिला मी शहाणपण शिकवलं होतं, आणि आता माझ्या सोयीचं होतं म्हणून मीही मधलं जोडून मोकळा झालो होतो.

"बसा," ती म्हणाली. स्वतःही पाट ओढून बसली. मग म्हणाली, "इतके दिवस मला वाटत होतं देवी नको म्हणाली. ती तर नको म्हणालीच नव्हती. मग मी आत जे ऐकत होते ते कोण बोलत होतं?" तीच म्हणाली, "माझी भीतीच बोलत होती. आणि मी तिला देवी समजून बसले." मी तिचा हात हातात घेतला. ते आमच्या वयाच्या माणसांना दिवसाढवळ्या जरा अवघडच वाटतं, पण घेतला.

मग तिने मला विचारलं, "खरं सांगा. डावाच कौल झाला असता, तरी मला नेलं असतंत?"

"हो," मी म्हणालो. "देवीच्या पाया पडलो असतो, रागवू नको म्हणालो असतो, आणि नेलं असतं."

"मग चला," ती म्हणाली. "सुईने गाठ पसरते का, ते त्या बाईंनाच विचारू. ज्याला माहीत असतं त्याला विचारावं. देवीला मी उगाच डॉक्टर केलं."

डॉक्टरीणबाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं, आतेबहिणीचंही. हसल्या नाहीत, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. सुईमुळे गाठ पसरल्याचं संशोधनात आढळत नाही, उशीर केल्याने मात्र पसरू शकते, असं त्यांनी नीट समजावून सांगितलं. सुनंदाने तारीख घेतली.

बायोप्सीच्या दिवशी ठाण्याच्या टेंभी नाक्यावर नवरात्राच्या मंडपाचं काम चाललं होतं. बांबू रस्त्यापर्यंत आले होते आणि आमची रिक्षा तिथेच अडकून पडली. सुनंदाने रिक्षातून मंडपाला हात जोडले. देवी अजून आलेलीच नव्हती, आत नुसते सुतार होते. मी सवयीने म्हणणार होतो की अगं, आत कोणी नाहीये. तिने डोळे न उघडताच सांगितलं, "माहीत आहे मला. तुम्ही गप्प बसा." मी गप्प बसलो. मग मीही हात जोडले.

दवाखान्यात तिचं नाव पुकारलं तसा तिचा धीर सुटला. नर्स म्हणाली, सोबत कोणी बाई असेल तर आत येऊ दे, पुरुष नकोत. आमच्यासोबत कोणी बाई नव्हतीच, मुलीचं विमान संध्याकाळी येणार होतं. सुनंदा बाकावरून उठेचना. मी नुसता "अगं, अगं" करत होतो. तेवढ्यात पलीकडच्या बाकावरून हिरव्या नऊवारीतली एक वयस्क बाई उठली. गळ्यात ठसठशीत सोन्याचे मणी, हातात कापडी पिशवी. तिने ती पिशवी सरळ माझ्या मांडीवर ठेवली आणि सुनंदाचा दंड धरला. "कनाला रडतं गो बाय? चल, मी येतंय तुझे बरोबर." आणि दोघी आत गेल्या. जणू काही हे आधीच ठरलेलं होतं.

सुनंदाने नंतर सांगितलं, की त्या बाईने सगळा वेळ तिचा हात घट्ट धरला होता, आणि आपल्या सुनेच्या बाळंतपणाच्या गमती सांगून तिला हसवलं होतं. इतकं की डॉक्टरीणबाईंना म्हणावं लागलं, जरा हलू नका. बाहेर आल्यावर मी त्यांचे आभार मानायला लागलो, तर त्यांनी पिशवी उचलली, आतला डबा नीट आहे ना ते बघितलं आणि गर्दीत निघून गेल्या.

आमच्या मंडळातल्या बायकांचं ठाम म्हणणं आहे, की ती देवीच होती. हिरवी साडी, अचानक येणं, अचानक जाणं, अजून काय पाहिजे? मला एवढंच माहीत आहे, की त्या आंबिवलीहून बहिणीचा रिपोर्ट न्यायला आल्या होत्या, आणि जाताना मला म्हणाल्या की या जिन्याने गुडघ्यांची वाट लावली. देवीचे गुडघे दुखतात की नाही, मला ठाऊक नाही. पण माझ्या बायकोला ज्या क्षणी हात हवा होता त्या क्षणी हात मिळाला, हे मी या डोळ्यांनी बघितलं. त्या रात्री मी देवीला नमस्कार केला आणि त्या बाईंनाही केला. दोघींना वेगवेगळा केला की एकच, याचा हिशेब मी ठेवला नाही.

रिपोर्ट आला. कॅन्सरच होता, पण लहान होता, पसरलेला नव्हता. म्हणजे पहिल्या दिवशी परतीच्या वाटेवर आम्ही दोघांनी जे ठरवलं होतं, त्यात मी चुकलो होतो आणि सुनंदाचा अंदाज बरोबर निघाला होता. पण अंदाजच. तो खरा ठरला म्हणून त्याला ज्ञान म्हणता येत नाही, हे तिनेच मला सांगितलं. ऑपरेशन झालं, मग औषधांचे ते कठीण महिने गेले. केस गेले, परत आले, आणि आता पूर्वीपेक्षा कुरळे आलेत म्हणून ती आरशासमोर जरा जास्त वेळ असते. तपासणीला जातो तेव्हा डॉक्टरीणबाई समाधानाने मान हलवतात. वेळेत आलात, असं त्या नेहमी म्हणतात. पुढचं पुढे.

उन्हाळ्यात आम्ही गावी जाऊन आलो. गुरवाने विचारलं, "काकी, कौल लावचो हा?" सुनंदाने नकारार्थी मान हलवली. विचारायचं काही नाही, नुसतं भेटायला आलेय, असं म्हणून ती गाभाऱ्यासमोर बराच वेळ बसून राहिली.

तोपर्यंत इकडे गोष्ट पसरली होती, की देवीने उजवा कौल दिला म्हणून सुनंदाकाकी बरी झाली. आम्ही सुरुवातीला हसून सोडून दिलं. लोक प्रेमाने बोलतात, कशाला त्यांना तोडायचं? मग गेल्या महिन्यात आमच्या वरच्या मजल्यावरची एक तरुण बाई दुपारी आली. इकडचं तिकडचं बोलली, आणि जायला निघता निघता हळूच म्हणाली, "काकू, तुमच्या देवीला माझ्यासाठीही एक कौल लावता का? मलाही गाठ लागतेय. कौल मिळाला की मग दाखवीन म्हणते."

आमचीच गोष्ट तिला थांबवून ठेवत होती.

सुनंदा खुर्चीतून उठली. टीपॉयवरचा फोन घेतला, पर्स घेतली, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "देवीला मी सांगते. तू चप्पल घाल."

त्या दोघी जिना उतरून जाईपर्यंत मी दारात उभा होतो. देवी काय करते आणि काय नाही, हे सांगायची माझी पात्रता नाही. डोळ्यांना जे दिसतं ते बघून घ्यावं, ज्याला माहीत आहे त्याला विचारावं, आणि त्यापलीकडचं सगळं तिच्या पायाशी ठेवून निवांत व्हावं, एवढं मात्र मी आता शिकलोय. वरच्या मजल्यावरच्या त्या मुलीचा हात धरून आत कोण जाणार, हे मला त्या दिवशी पक्कं माहीत होतं. मी घरात आलो आणि देवीला नमस्कार केला.